निशाणी तीन

जॉर्जटाउनला, कोर्टाच्या तळघरात
माझं काम तसं बिनडोक आहे:
लाल फितीची गाठ सोडायची, घडी उलगडायची,
कागद काचेवर पालथा घालायचा, बटण दाबायचं.
दिवसाला चारशे पानं. शुक्रवारी थोडी कमी.

काल एका पुडक्यात कागदांबरोबर फळी निघाली.
हातभर लांब, कडेला बिजागरीची भोकं,
आणि कोळशाच्या रेघा, पाच-पाचांच्या जुड्या.
मागे शाईनं: निशाणी ३. चॅन्सरी. ससेक्स काउंटी.
फळी स्कॅन कशी करायची, हे मॅन्युअलमध्ये नाही.
म्हणून बसले वाचत.

झिपोरा वेपल्स. एकोणीस वर्षांची होती, तेव्हा मामा म्हणाला,
माझं दुखणंखुपणं बघ, पीचची रोपं लाव,
माझ्यामागे बाग तुझी.
म्हणाला स्वयंपाकघरात. ऐकायला एक मांजर
आणि दारात अंडी घेऊन उभा पोरगा.
मग बावीस वर्षं.
दर रोपामागे दारावर एक रेघ.
मामाचे पाय धुतले, अंथरूण धुतलं,
शेवटी मामाला धुतलं.
लुईसचा एक कालवं काढणारा दोनदा विचारून गेला,
तिसऱ्यांदा आला नाही.

मामा गेला तसे फिलाडेल्फियाहून दोन पुतणे उतरले,
काळे हातमोजे घालून.
कायद्याच्या कोर्टात न्यायाधीश म्हणाले,
उर्मटपणे नाही, उलट जरा खाली बघत:
पांढऱ्यावर काळं कुठाय, बाई?
जमीन तोंडी देता येत नाही.
बरोबरच होतं ते. तेच मला टोचतं.
कायद्याला फक्त वाचता येत होतं,
आणि झिपोराकडे वाचण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा ती दुसऱ्या दारी गेली.
या राज्यात दोन दारं होती, अजून आहेत.
दुसऱ्यात ज्युरी नाही. एकटा चॅन्सलर,
वर्षातून दोनदा आगगाडीनं यायचा,
विचारायचा: ते असो. झालं काय, ते सांग.
आणि त्याही आधी: हात स्वच्छ आहेत ना तुझे?
साक्षीच्या कागदावर कारकुनानं लिहिलंय,
"अर्जदारीण दोन्ही हात पुढे करते.
डिंक निघत नाही, म्हणते."

पाच वर्षं लागली.
त्याला समन्याय म्हणतात, लवकर-न्याय नाही.
फळीवरच्या रेघा त्यानं स्वतः मोजल्या, बोट फिरवत:
सहाशे बारा.
निकाल दोन पानी. एक वाक्य मी दोनदा स्कॅन केलं:
"जिनं शब्दावर आयुष्य लावलं, तिच्याकडे आता कागद मागणं
ही कागदाचीच लबाडी होईल."
बाग झिपोराची.

त्या पाच वर्षांत पिवळा रोग येऊन गेला होता.
पीच उभ्या उभ्या वाळली.
शेवटच्या पानावर मोजणीदाराची नोंद:
जमीन एकोणचाळीस एकर. झाडं, शून्य.
पुढे तिनं काय लावलं, फाईल सांगत नाही.

आज वर मोठा खटला आहे.
विल्मिंग्टनचे वकील, चाकांच्या गाडीवर खोकी;
एक कंपनी दुसरीला घेते म्हणाली आणि फिरली.
तेच दार. शून्यं एवढी, की मला मोजता येईनात.
याच दारानं माझ्या आईच्या वयाच्या काळ्या मुलांना
गोऱ्यांच्या शाळेत घ्या म्हटलं, देशाच्या दोन वर्षं आधी.
आणि याच दारानं, तेही मी स्कॅन केलंय,
किती बायकांना म्हटलं, उशीर केलात,
आणि गहाण घर गेलं.
तिथे माणूस बसतो. एवढाच भरवसा, एवढीच भीती.

फळी काचेवर ठेवली. झाकण बसेना.
बाजूनं उजेड निसटला,
प्रतीत कडेला माझी चार बोटं आली.
पुन्हा केलं नाही.

दस्ताचा प्रकार? यंत्र विचारतं.
यादीत "दार" नाही.
"करार" दाबलं.